पहिलं ‘नको’

त्या हॉटेलात मी पहिल्यांदा शिरलो तोच मुळी थाप मारून. त्यांच्या वेबसाइटवर टेबल मिळायचं ते कमीत कमी दोघांना. एकट्या माणसासाठी बटणच नव्हतं. दुसऱ्यांच्या वेबसाइटमधल्या चुका शोधून काढणं हा माझा गेल्या सत्तावीस वर्षांचा धंदा. त्यामुळे मुद्देसूद तक्रार लिहिणं मला सहज जमलं असतं. पण भूक लागली होती. मी ‘दोन’ दाबलं आणि निघालो.

मी राहतो मिल्टन कीन्सला. तिथून गाडीनं पंधरा मिनिटांवर एक जुनं गाव आहे, त्या गावातल्या बोळात हे हॉटेल. पंधरा मिनिटं हे माहितगाराचं गणित. मला पहिल्या दिवशी चाळीस लागली, कारण एका राउंडअबाउटला मी मारुतीला घालतात तशा प्रदक्षिणा घातल्या आणि शेवटी ज्या रस्त्यानं आलो त्याच रस्त्याला लागलो. पोचलो तेव्हा दारातल्या बाईंनी हसून विचारलं की दुसरे पाहुणे कधी येतायत. मी म्हणालो, येतेय, बायको आहे.

सहा टेबलांचं हॉटेल. समोर उघडं स्वयंपाकघर आणि त्याला लागून लाकडी कट्टा, कट्ट्याला चार स्टुलं. स्वयंपाक करणारा माणूस स्पेनच्या मधल्या, कोरड्या पठारावरचा, आणि दारातल्या त्या बाई म्हणजे त्याची बायको, इंग्लंडच्या उत्तरेकडची. आपल्या आईच्या आणि आसपासच्या मुलखातल्या आयांच्या हातचे पदार्थ घ्यायचे आणि त्यांचं पार रूपांतर करून टाकायचं, ही त्या माणसाची कला. बटाट्याचं जाड ऑम्लेट आलं ते काचेच्या पेल्यात: खाली कांद्याचा मुरांबा, मधे अंड्याची साय, वर बटाट्याचा फेस. चमच्यानं तळ गाठेपर्यंत ते ऑम्लेट आहे यावर विश्वास बसत नाही, आणि तळ गाठल्यावर मात्र डोळे मिटले की तव्यावरून आत्ताच उतरल्यासारखं लागतं. बदामाचं थंडगार सूप आलं, त्यात गोठवलेली द्राक्षं होती. मी त्यातलं एक द्राक्ष चावलं आणि दाढेतून कळ मस्तकात गेली. तोंड मात्र रसिकाचं ठेवलं.

तिसऱ्या पदार्थाला बाईंनी हळूच विचारलं, “त्या फार लांब आहेत का अजून?”

आता काय सांगणार? “नागपूरला आहे,” मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. समोरचा रिकामा ग्लास, काटा-चमचा आणि घडी घातलेला नॅपकिन त्यांनी शांतपणे उचलला आणि मला घेऊन कट्ट्याशी आल्या. शेवटच्या, भिंतीकडच्या स्टुलावर हात ठेवून म्हणाल्या, पुढच्या वेळी फोन करा, वेबसाइटच्या नादी लागू नका. हे तुमचं.

‘हे तुमचं’ असं मला इंग्लंडमध्ये तोवर कुणी म्हटलं नव्हतं. भाड्याच्या घराच्या एजंटनंसुद्धा नाही.

बायको नागपूरला होती हे मात्र खरं. सासरे बाथरूममध्ये पडले तेव्हा ती तीन महिन्यांसाठी म्हणून गेली, त्याला दीड वर्ष होत आलं. जायच्या आदल्या दिवशी बॅग भरताना तिनं विचारलं होतं, “मी जाऊ ना? की थांबू?” मी म्हणालो होतो, “जा तू. माझं काय, मला काही लागत नाही.” ती एवढंच विचारून पुढच्या ड्रेसची घडी घालायला लागली होती.

तर ती गेली आणि मी घरून काम करायला लागलो. आमची टीम अशी की मीटिंगमध्ये सगळ्यांचे कॅमेरे बंद आणि आवाजही बंद. दिवसभर मी बारा काळ्या चौकोनांशी संसार करायचो. माझी पाळी आली की “नो अपडेट फ्रॉम माय साइड” एवढं म्हणायचं. दर गुरुवारी संध्याकाळी सहाला त्या स्टुलावर बसलो की माझं पहिलं वाक्य घशातून असं निघायचं, जणू कधीची न उघडलेली कडी कुणी ओढतंय. मी तिथली वाक्यं मोजायचो. दहा झाली तर आठवडा चांगला गेला. एकदा चौदा झाली होती. त्यातली तीन पावसाबद्दल होती, पण ती इथे धरतात.

गुरुवारच का, तर त्या दिवशी गर्दी कमी. पण गुरुवारी मी मांसमच्छी खात नाही. लहानपणापासूनचं आहे, आईनं लावलेलं. हे बाईंना सांगताना मी फक्त ‘नो मीट फॉर मी’ म्हणालो, गुरुवारचं सांगायचं राहून गेलं. त्या बिचाऱ्या दर वेळी माझ्यापुरतं सगळं वेगळं करायला लावत. इतर सहा दिवस मी फ्रीजमधल्या तयार चिकन करीवर जगतो हे सांगायची वेळ कधी आलीच नाही. मुळात हा माणूस कडक धर्माचा, असा त्यांचा समज झाला होता, आणि खरं सांगायचं तर त्यानं माझं वजन थोडं वाढलं होतं. ते मला घालवायचं नव्हतं.

मग एका गुरुवारी माझ्यासमोर काळ्या दगडावर एक पातळ, कुरकुरीत पापुद्रा आला. त्यावर लाल मिरचीचा फेस आणि लसणाचे तळलेले काप. मी पापुद्रा मोडून तोंडात टाकला आणि थांबलो. पुन्हा एक तुकडा घेतला. ही चव मला माहीत होती. इंग्लंडमध्ये नाही, पुण्या-मुंबईतही नाही. आमच्याकडे, वैनगंगेच्या बाजूच्या गावांत. लाखोळीची डाळ. गरिबांची, फार खाल्ली तर पाय लुळे पडतात म्हणून सरकारची नावडती आणि तरी घरोघर खाल्ली जाणारी. तिच्या पिठाचं आम्ही चून करायचो. पुण्याची मंडळी ज्याला पिठलं म्हणतात ते.

मी कट्ट्यावरून वाकून त्या माणसाला विचारलं की हे पीठ कशाचं. त्यानं मान वर केली. दीडेक महिन्यात आमचं हे पहिलं सरळ बोलणं. तो आत गेला आणि कागदी पुडा घेऊन आला. मी वास घेतला. मग त्यानं घेतला. मी म्हणालो, आमच्याकडे हे गरीब खातात. तो म्हणाला, आमच्याकडेही. मी म्हणालो, सरकारला आवडत नाही. तो म्हणाला, आमच्याही सरकारला आवडत नव्हतं. मग आम्ही दोघं त्या पुड्याकडे बघत उभे राहिलो, शाळेतला तिसरा मित्र मधेच भेटावा तसे. त्या दिवशी वाक्यं किती झाली ते मोजायचं राहून गेलं.

आणि त्यानंतर महिन्याभरानं, फेब्रुवारीत, मी तो पराक्रम केला.

बाई माझी बशी उचलायला आल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, वर्षातून एका रविवारी आम्ही हॉटेल बंद ठेवतो आणि दुपारी इथेच काही मित्रांना बोलावतो. त्या दिवशी फेस नाही, पापुद्रे नाहीत. तो त्याच्या आईसारखं करतो, एकाच मोठ्या कढईत, या पिठाचं. सगळे कढईभोवती उभे राहून खातात. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या. “तुम्ही यावं असं त्याला वाटतं. मलाही.”

वाचकहो, माझ्या छातीत काय झालं ते मी सांगत नाही. तोंडातून काय निघालं ते सांगतो.

“नको नको,” मी म्हणालो. “कशाला उगाच त्रास.”

आता हे कुठल्याही मराठी घरात म्हटलं असतं तर पुढचं सगळं ठरलेलं. त्रास कसला त्यात. अहो पण खरंच नको. असं कसं, यायलाच पाहिजे. बरं बघतो. बघतो नाही, आम्ही वाट बघू. बरं, तुम्ही म्हणताच आहात तर. तीन फेऱ्या. पहिल्या ‘नको’ला आपल्याकडे नकार म्हणत नाहीत, ते दार वाजवणं असतं. पहिल्याच हाकेला ‘येतो’ म्हणणारा माणूस उपाशी आहे की काय अशी शंका घेतात.

बाई म्हणाल्या, “काहीच हरकत नाही,” आणि बशी घेऊन गेल्या.

मी थांबलो. दुसरी फेरी बहुतेक कॉफीबरोबर येईल असं धरून कॉफी मागवली. कॉफी आली, फेरी आली नाही. मी कॉफी इतकी सावकाश प्यायलो की शेवटचे घोट बदामाच्या सुपासारखे लागले. नॅपकिनची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. कोट घालताना एक बाही मुद्दाम अडकवली. बाईंनी मागून येऊन ती सोडवून दिली, प्रेमानं, आणि दार उघडून धरलं. आतून त्या माणसानं उलथनं हलवून निरोप दिला. मी पार्किंगमध्ये गाडीत बसलो, इंजिन सुरू केलं आणि आरशात हॉटेलच्या दाराकडे बघत राहिलो. कुणी धावत येईल अशी आशा मी कधी सोडली ते नक्की सांगता येणार नाही, पण काच पूर्ण धुरकटली होती.

सकाळी बायकोला फोन केला. तिथली दुपार, सासरे झोपलेले. ती नेहमीसारखी म्हणाली, “जेवून राहिले की नुसते कॉम्प्युटरसमोर बसून राहिले?” मी तिला झालेली हकीकत सांगितली, थोडी माझ्या बाजूनं रंगवून.

“मग तुम्ही काय म्हणाले?”

“नको म्हणालो.”

“किती वेळा?”

“एकदाच. पुढे कुणी विचारलंच नाही.”

ती हसायला लागली. सासरे उठतील म्हणून दाबून हसत होती, त्यामुळे जास्तच वेळ हसली. मीही हसलो. मग तिनं विचारलं की जायचंय का तुम्हाला. मी म्हणालो, तसं काही नाही, म्हणजे गेलो काय आणि नाही गेलो काय. फोनवर तिच्याकडच्या पंख्याचा आवाज येत होता.

“अहो,” ती म्हणाली, “पंचवीस वर्षं तुम्ही नको म्हणता आणि मी पुन्हा पुन्हा विचारते. तिथं मी नाही आहे. आता तुम्हाला जे पायजे ते सांगत जा.”

“असं कसं सांगायचं? लोकांकडे जेवण मागायचं?”

“मागा,” ती म्हणाली. “मी थांबू का विचारलं तेव्हा तरी मागितलं असतं.”

तिला ते बोलायचं नव्हतं बहुतेक, कारण लगेच ती सासऱ्यांच्या गोळ्यांचं सांगायला लागली, आणि मी कुठली गोळी सकाळी आणि कुठली संध्याकाळी हे अगदी मन लावून ऐकलं.

पुढचे पाच दिवस मी मसुदे केले. टेस्टरचा हात, त्यामुळे ईमेल उतरायचा तो बगच्या रिपोर्टसारखा. ‘अपेक्षित परिणाम: पुन्हा विचारणा. प्रत्यक्ष परिणाम: बशी नेली.’ एकदा लिहिलं की माझ्या आधीच्या नकाराचा फेरविचार झाला आहे. वाचून पाहिलं तर कौन्सिलचं पत्र वाटलं. एकदा सरळ लिहिलं, मला यायचंय, आणि ते दोन शब्द इतके नागडे दिसले की मी उठून खिडकीचा पडदा ओढला. समोर फक्त रेडवे, म्हणजे सायकलींचा लाल रस्ता, होता आणि त्यावर एक सायकलवाला.

गुरुवारी स्टुलावर बसलो. म्हटलं, सूचकपणे जमवू. बाईंना विचारलं, रविवारी किती माणसं? अकरा, त्या म्हणाल्या. मी म्हणालो, कढई मोठी असेल. त्या म्हणाल्या, हो, आणि पाणी ओतून गेल्या. परत आल्या तेव्हा मी हवामानाचा विषय काढला आणि त्यातून रविवारवर आलो. रविवारी पाऊस नाही म्हणतात. मी तसा मोकळाच आहे रविवारी. पूर्ण दिवस. त्या म्हणाल्या, छान, आराम करा, तुम्ही फार काम करता.

जेवणात काय होतं ते मला आठवत नाही, ही त्या माणसाच्या कलेची मी केलेली एकमेव बेअदबी. शेवटी बाई बशी उचलायला आल्या, आणि मी ती बशी धरून ठेवली. त्यांच्या हातात एक बाजू, माझ्या हातात एक.

“मला यायचंय,” मी म्हणालो. “रविवारी. मागच्या वेळी मी नको म्हणालो, ते खरं नव्हतं.”

त्यांनीही बशी सोडली नाही. म्हणाल्या, मला वाटलं तुमचं धर्माचं काही असेल. मांसाचं. आग्रह करणं बरं दिसलं नसतं. मग मला सगळंच सांगावं लागलं: गुरुवारचं, तयार चिकन करीचं, आणि आमच्याकडच्या तीन फेऱ्यांचं. माझं कडक धर्माचं वजन तिथल्या तिथे उतरलं.

“म्हणजे मी तीनदा विचारायला हवं होतं?”

“हो.”

त्यांनी बशी खाली ठेवली, हात पुसले आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, “याल का? याल का? याल का?”

आणि माझी सवय बघा, पहिल्या ‘याल का’ला माझ्या तोंडून ‘नको’ निघालंच होतं. मी ते अर्ध्यात चावलं. तिसऱ्याला हो म्हणालो. आत तो माणूस शेगडीपाशी हे सगळं ऐकत होता. तो म्हणाला की माझी आईही असंच विचारायची, चार-चार वेळा, लोकांच्या खिशात खाऊ कोंबायची. मग भांडं हलवत म्हणाला, “अठरा वर्षं झाली इथे. मी एकदाच विचारायला कधी लागलो, मला कळलं नाही.”

रविवारी गेलो. टेबलं भिंतीला लावलेली, मधोमध एका बुटक्या शेगडीवर कढई, आणि भोवती अकरा माणसं. त्यातल्या कुणालाच मी ओळखत नव्हतो आणि सगळे एकमेकांना ओळखत होते. कुणाची आई, कुणाची मैत्रीण, दोन शेजारी. प्रत्येकाला एक लाकडी चमचा मिळाला. कढईत चून रटरटत होतं, लाल, वर तेलाचा तवंग, डुकराच्या मांसाचे तुकडे बाजूच्या थाळीत. नियम एवढाच: चमचाभर घ्यायचं आणि एक पाऊल मागं जायचं, म्हणजे मागच्याला पुढे येता येतं.

सगळ्यांचे चमचे एकाच कढईत. उष्टं, माझ्या आतलं कुणीतरी म्हणालं. मी चमचा बुडवला. जीभ भाजली, लसूण नाकात गेला आणि मी शिकवल्याप्रमाणे एक पाऊल मागं गेलो.

आणि तिथेच उभा राहिलो. चमचा हातात, चेहऱ्यावर पाहुण्याचं हसू. लोक पुढे जात होते, मागं येत होते, बोलत होते, पावाचे तुकडे मोडत होते. मला वाटत होतं आता कुणीतरी म्हणेल, अहो घ्या ना. कुणी म्हणेना. कुणाचं दुर्लक्ष नव्हतं, तिथे म्हणायची पद्धतच नव्हती. मागं येणं सगळ्यांना सारखं होतं आणि पुढे जाणं ज्याचं त्यानं. कढई अर्धी रिकामी झाली, पाऊण झाली. समोरच्या म्हातारबाईंचे सहा-सात चमचे झाले असतील. मग मी पुढे गेलो. पुन्हा मागं आलो, पुन्हा गेलो. पाचव्या वेळी माझा खांदा कुणाला तरी लागला आणि आम्ही दोघांनीही सॉरी म्हटलं नाही.

कढईला तळ दिसायला लागला तेव्हा त्या माणसानं उलथन्यानं खरवड सुटी केली, तांबूस, करपलेली, हातभर लांब. कुणाला हवी, त्यानं विचारलं. विचारलं ते सगळ्यांना आणि एकदाच.

“मला,” मी म्हणालो. आवाज जरा मोठाच लागला. दोन-तीन जणांनी वळून बघितलं.

त्यानं ती मोडली आणि मोठा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. मी तो खिडकीला टेकून खाल्ला. बाहेर पाचच वाजले होते आणि उजेड जायला लागला होता. लोक कोट घालत होते, आले तसे जोडीजोडीनं, एकमेकांच्या बाह्या सोडवत. दार उघडलं की थंडी आत यायची आणि दोन माणसं कमी व्हायची. शेवटी आम्ही तिघं आणि कढई उरलो.

मला घरी जायची घाई नव्हती. मी कोट खुंटीला तसाच ठेवला, बाह्या वर केल्या आणि कढईचा एक कान धरला. राहू दे, नको, तो माणूस म्हणाला. मी ऐकलं नाही. दुसऱ्यांदा तो नुसताच हसला आणि त्यानं दुसरा कान धरला. आम्ही ती उचलून सिंकमध्ये ठेवली. गरम पाण्याचा नळ सोडला तेव्हा वाफेबरोबर त्या पिठाचा वास पुन्हा वर आला, आणि मी घासायला लागलो.